फळ्यावर एकच ओळ बसते: २ जुलैचा अमेरिकन दिनविशेष

कोथिंबीरवडी
आई-बाबा मे महिन्यापासून आमच्याकडे न्यू जर्सीत आहेत. बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिक्षक होते. शाळेच्या दारातल्या फळ्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहायचं काम बहुतेक वर्षं त्यांच्याकडेच. इथे येऊन आठ दिवस होत नाहीत तोवर आमच्या फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्याचा ताबा त्यांनी घेतला. फळा म्हणजे जेमतेम दोन विती. खालच्या अर्ध्यात वाणसामानाची यादी असते, त्याला आई हात लावू देत नाही. वरच्या अर्ध्यात बाबांच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ मावते.

सध्या "ज्या गावात राहतोय तिथला दिनविशेष" चालू आहे. ४ जुलै काय कुणीही लिहील, म्हणाले, तू २ जुलैचं बघ. बघायला गेले आणि बसलेच. १७७६, १८६३, १८८१, १९३७, १९६४. एवढं सगळं एकाच तारखेला?

बाबांची अट अशी: ओळ जाता-जाता वाचून पोराला कळली पाहिजे, आणि वाचल्यावर त्यानं एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. पोर म्हणजे माझा मुलगा, वय नऊ. तुम्ही कोणती ओळ लिहाल?

गुरुवारपेठ
पहिला! आता धागा वाचतो.

दोन_आणे
यात विचारायचं काय आहे? अमेरिका स्वतंत्र झाली तीच मुळी २ जुलै १७७६ ला. रिचर्ड हेन्री ली यांचा स्वातंत्र्याचा ठराव फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत त्या दिवशी मंजूर झाला. बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्कवाल्यांना घरून परवानगी आली नव्हती म्हणून ते गप्प. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. म्हणजे लग्न लागलं २ तारखेला, ४ तारखेला आमंत्रणपत्रिका छापायला गेली आणि लोक अडीचशे वर्षं पत्रिकेवरची तारीख धरून लग्नाचा वाढदिवस करतायत.

जॉन अॅडम्सने ३ तारखेला बायकोला, अॅबिगेलला, पत्र लिहिलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा आणि रोषणाईने साजरा करतील. सगळं खरं ठरलं, तारीख तेवढी हुकली.

बोरकूट
आपल्याकडे शिवजयंती तारखेने की तिथीने यावर दरवर्षी चार प्रतिसादांत शतकी धागा होतो. यांना पंचांगाचाही त्रास नव्हता, दोनच तारखांतून निवडायचं होतं, तरी चुकले. हलके घ्या.

शाईचा_डाग
दोन_आणे, पत्रिका ठीक, पण सह्या? बहुतेक सभासदांनी जाहीरनाम्यावर सही केली ती २ ऑगस्टला.

दोन_आणे
म्हणजे परत २ तारीखच. माझा मुद्दा सिद्ध.

क्वार्टरवाला
डेलावेअरमध्ये एमएस करतोय, म्हणून आमच्या राज्याची बाजू मांडतो. १ जुलैला जे कच्चं मतदान झालं त्यात नऊच वसाहती बाजूने होत्या. पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना विरोधात. डेलावेअरचे दोन सभासद हजर, एक हो म्हणतो, एक नाही. तिसरे सीझर रॉडनी गावाकडे. त्यांना निरोप गेला आणि हा माणूस सुमारे ऐंशी मैल, वादळी पावसात, रात्रभर प्रवास करून २ तारखेला सभागृहात पोचला. दमा होता, चेहऱ्यावर कर्करोग होता. त्यांच्या मताने डेलावेअर हो झालं. पेनसिल्व्हेनियाचे डिकिन्सन आणि मॉरिस मतदानापासून लांब राहिले म्हणून तेही राज्य आलं, आणि साउथ कॅरोलिनाने एका रात्रीत मत बदललं.

हे मला कसं कळलं? आमच्या बिल्डिंगच्या तळघरातलं कपडे धुण्याचं मशीन फक्त क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, खातं. एका रविवारी डब्यातली नाणी मोजताना एका क्वार्टरवर घोडेस्वार दिसला. खाली १९९९, वर डेलावेअर. तोच हा. ते नाणं अजून मशीनमध्ये टाकलेलं नाही, त्या दिवशी एक बादली हाताने धुतली.

ओळ: "आजारी माणूस रात्रभर घोड्यावर, एका मतासाठी."

कोथिंबीरवडी
ही बाबांना वाचून दाखवली. म्हणाले, "चांगली आहे, पण घोडा होता की बग्गी, याचा पुरावा विचार."

क्वार्टरवाला
काका जिंकले. बग्गी असावी असंही काही अभ्यासक म्हणतात. पण नाण्यावर बग्गी बसत नाही हो.

डॉ_आडोसा
१८८१ कुणी घेतलं नाही अजून, म्हणून घेतो. त्या २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत. पाठीतली गोळी मणक्यातून जाऊन स्वादुपिंडाच्या मागे स्थिरावली. मज्जारज्जू शाबूत, मोठी रक्तवाहिनी फुटलेली नाही. मी पुण्यात सर्जन आहे. आज असा रुग्ण आला तर आम्ही घाबरणार नाही असं म्हणत नाही, पण घरच्यांना धीर नक्की देऊ.

त्या काळी काय केलं? स्टेशनच्या जमिनीवरच डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी शोधायला सुरुवात केली. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस. ब्रिटिश सर्जन लिस्टर १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला येऊन निर्जंतुकीकरणावर भाषण देऊन गेले होते, म्हणजे माहिती दारापर्यंत आलेली होती. बऱ्याच अमेरिकन डॉक्टरांना ते सोवळंओवळं पटलं नव्हतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेल गोळी शोधायचं विजेचं यंत्र घेऊन आले, पण गादीखाली पोलादी स्प्रिंगा, आणि ब्लिस साहेब फक्त उजवी बाजू तपासू देत होते. गोळी डावीकडे. पंचाण्णव किलोचा माणूस साठपर्यंत उतरला आणि १९ सप्टेंबरला न्यू जर्सीच्या समुद्रकाठी गेला. खटल्यात गिटो म्हणाला, मी फक्त गोळी झाडली, मारलं डॉक्टरांनी. माणूस सटकलेला होता, पण हे वाक्य आम्हाला लागतं.

यानंतर दोनच वर्षांनी आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियात वैद्यकी शिकायला दाखल झाल्या. त्यांच्या शिक्षकांनी गारफील्डच्या तब्येतीची रोजची पत्रकं पेपरात वाचली असणार, असं मला नेहमी वाटतं.

ओळ सुचत नाही. नऊ वर्षांच्या मुलासाठी: "हात धुवा."

बोरकूट
"हात धुवा" ला +१०००. फ्रिजवर लावायला याहून योग्य दिनविशेष नाही.

मेरिलंडकर
डॉक्टरसाहेब, ज्यातून ती गोळी गेली तो मणका मी पाहिलाय. सिल्व्हर स्प्रिंगला नॅशनल म्युझियम ऑफ हेल्थ अँड मेडिसिन आहे, सैन्याचं जुनं वैद्यकीय संग्रहालय. तिकीट नाही. गेल्या पावसाळी शनिवारी पाहुण्यांना कुठे न्यावं हा प्रश्न होता म्हणून गेलो (पाहुणे अजून बोलत नाहीत नीट).

खरी गंमत पुढे. त्याच संग्रहालयात एका जनरलच्या उजव्या पायाची नडगी आहे. डॅनियल सिकल्स. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचा दुसरा दिवस, म्हणजे २ जुलै १८६३. या गृहस्थाने हुकूम नसताना आपली फौज पुढे पीचच्या बागेत नेली, फौजेची वाताहत झाली आणि तोफगोळ्याने स्वतःचा पाय गेला. कापलेला पाय त्याने पेटीत घालून "मेजर जनरल डी. ई. एस. यांजकडून सप्रेम" अशा चिठ्ठीसकट संग्रहालयाला पाठवला. नंतर दरवर्षी त्याच तारखेला तो पाय बघायला यायचा असं सांगतात.

म्हणजे १८६३ चा २ जुलै आणि १८८१ चा २ जुलै एकाच छपराखाली, काचेत.

गुरुवारपेठ
पायाचं वर्षश्राद्ध! बाकी शरीर हयात असताना! मेलो.

शाईचा_डाग
सिकल्सचं आणखी एक. १८५९ मध्ये त्याने बायकोच्या प्रियकराला, फिलिप बार्टन की याला, वॉशिंग्टनमध्ये भर रस्त्यात गोळ्या घातल्या. हा की म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट की यांचा मुलगा. सिकल्स सुटला. बचाव काय, तर तात्पुरतं वेड. गिटोनेही वेडाचाच बचाव घेतला, त्याला फाशी झाली. दोघांत वेडा कोण होता हे तुम्हीच ठरवा.

आकडेमोड
आनंदावर पाणी ओततो. कोणतीही तारीख घ्या, अडीचशे वर्षांत मोठ्या देशात दहा-पंधरा गोष्टी घडलेल्या सापडणारच. दिनविशेष म्हणजे राशिभविष्याचा सुशिक्षित भाऊ. २ जुलैचं एकच वैशिष्ट्य: साध्या वर्षात हा बरोबर मधला दिवस, मागे १८२, पुढे १८२.

निळी_शाई
आकडेमोड, तारखेत जादू नाही हे मान्य. पण फळ्यावर लिहिणारा माणूस तारखेची निवड करत नाही, घटनेची करतो. शाळेत आमच्या फळ्यावर जयंत्या कुणाच्या असायच्या आणि कुणाच्या नसायच्या, हे माझ्या वडिलांनी मला दाखवून दिलं होतं.

माझी ओळ १९६४. २ जुलैला संध्याकाळी लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. मागे मार्टिन लूथर किंग उभे. त्याआधी सिनेटमध्ये विरोधकांनी नुसती भाषणं करकरून विधेयक साठ दिवस अडवून धरलं होतं. कायद्याने काय झालं, तर हॉटेल, खाणावळ, सिनेमागृह, पेट्रोल पंपावरचं प्रसाधनगृह इथे रंगावरून दार बंद करणं बेकायदा झालं. नोकरीतला भेदभावही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना सोडवायला त्याग केला त्यांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका वाचताना मला नेहमी १९६४ आठवतं. फुल्यांनी कौतुक केलं ते खरंच होतं, आणि त्यानंतरही नव्वद वर्षं त्या गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांना कित्येक गावांत काउंटरवर बसून कॉफी मिळत नव्हती. पाणवठा काय आणि लंच काउंटर काय.

नऊ वर्षांचं पोर प्रश्न विचारेल का? "आजपासून कुणालाही हॉटेलात बसता येईल." एवढं लिहा. तो विचारेलच, आधी का नव्हतं येत?

कोथिंबीरवडी
निळी_शाई, हे बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून दे म्हणाले.

आकडेमोड
निळी_शाई, मुद्दा मान्य. राशिभविष्य मागे घेतो.

जुनी_वही
१९६४ ला पुढे जोडून: नागरी हक्कांच्या त्याच वाऱ्यात १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला आणि देशावार कोटा गेला. त्यानंतरच आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने आले. ४ जुलैच्या जोडसुट्टीत इथल्या मराठी अधिवेशनात पुरणपोळीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी जरा २ जुलैचीही आठवण ठेवावी.

पण माझं मत १८६२ ला. यादवी युद्ध ऐन भरात असताना २ जुलैला लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला, त्याच्या दर खासदार आणि सिनेटरमागे तीस हजार एकर जमीन. ती विकून शेतकी आणि तंत्रशिक्षणाची कॉलेजं काढा. पर्ड्यू, आयोवा स्टेट, पेन स्टेट, ही सगळी त्यातली. तुमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची डिग्री तिथली निघेल.

आपल्यातला एक जुना विद्यार्थी कुणाला आठवतो का? वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक, गदर चळवळीच्या सुरुवातीच्या लोकांपैकी. ते शेती शिकले ऑरेगनमध्ये कोर्व्हालिसला आणि मग वॉशिंग्टन राज्यात पुलमनला. दोन्ही कॉलेजं याच कायद्यातली. पुढे मेक्सिकोत मका आणि गव्हावर काम केलं, दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. लिंकनच्या सहीचा एक धागा वर्ध्यापर्यंत येतो.

निळी_शाई
जुनी_वही, ती जमीन आली कुठून तेही लिहा. मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली, एक कोटी एकरांहून जास्त. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलला पैसा मिळाला तो विस्कॉन्सिनमधल्या जंगलजमिनीचा.

जुनी_वही
बरोबर आहे. लिहायला हवं होतं.

बोरकूट
जाता जाता, १८६२ नंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, २ जुलै १९६२ ला, आर्कान्सामधल्या रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. आधी ज्ञान, मग डिस्काउंट. कोथिंबीरवडी, तुमच्या फळ्याच्या खालच्या अर्ध्याशीही संबंध जुळला बघा.

अक्षांश
विमानातून जगप्रदक्षिणा करताना बेपत्ता झालेल्या अमेलिया इअरहार्टला विसरलात. २ जुलै १९३७, सकाळी दहा, न्यू गिनीतलं लाए. विमानात ती आणि फ्रेड नूनन, पुढचा मुक्काम हाऊलंड, समुद्रात जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांबीचं बेट. वाटेत तारीखरेषा ओलांडली. वीस तास उडून हाऊलंडजवळ शेवटचा ठळक संदेश ऐकू आला तेव्हा तिथल्या घड्याळात सकाळचे पावणेनऊ आणि तारीख पुन्हा २ जुलै. पूर्ण रात्र उडूनही तारीख संपली नाही.

हे मी मुलीला पृथ्वीगोलावर टाचणी-दोरा लावून समजावत होतो. तिने विचारलं, मग तिला वाढदिवस दोनदा करता आला असता का? म्हणजे काकांची प्रश्नाची अट माझ्या घरी तरी पूर्ण झाली.

सर्कलवासी
कोथिंबीरवडी, न्यू जर्सीत राहून न्यू जर्सीची गोष्ट नाही? पहिलं महायुद्ध अमेरिकेपुरतं कायद्याने कुठे संपलं माहीत आहे? रॅरिटनला! अमेरिकेने व्हर्सायचा तह मंजूरच केला नव्हता, त्यामुळे कागदोपत्री जर्मनीशी युद्ध चालूच. २ जुलै १९२१ ला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग इथे सिनेटर फ्रीलिंगहायझन यांच्या बंगल्यावर आले होते, गोल्फ खेळत होते. वॉशिंग्टनहून कागद आला, आत जाऊन सही केली. युद्ध समाप्त. त्याच दिवशी जर्सी सिटीत डेम्प्सी आणि कार्पेन्टिये यांची मुष्टियुद्धाची लढत, ऐंशी हजारांवर माणसं, तिकिटांची विक्री पहिल्यांदाच दहा लाख डॉलरच्या वर. कोणती बातमी लोकांनी आधी वाचली असेल सांगा.

बंगला आता नाही. सोमरव्हिल सर्कलजवळ दुकानांच्या गर्दीत एक लहानशी खूण आहे. मी सहा वर्षं तिथून ऑफिसला जातोय, पाचव्या वर्षी दिसली, तीही ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून.

हळदीकुंकू_नको
उशिरा येतेय, पण न्यू जर्सीचाच विषय निघाला म्हणून. २ जुलै १७७६ ला, तिकडे फिलाडेल्फियात मतदान चालू होतं त्याच दिवशी, न्यू जर्सीने स्वतःची राज्यघटना मंजूर केली. मताचा अधिकार कुणाला? पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना. "पुरुष" हा शब्दच नाही. त्यामुळे विधवा आणि अविवाहित बायका मत द्यायला लागल्या. लग्न झालेल्यांची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून त्या बाहेर. मालमत्ता असलेले कृष्णवर्णीय स्वतंत्र नागरिकही मत देत. कुणी म्हणेल नजरचुकीने राहिलं, तर १७९० च्या निवडणूक कायद्यात चक्क "तो किंवा ती" असं लिहिलंय.

१८०७ मध्ये विधिमंडळाने काढून घेतलं. फक्त गोरे पुरुष. मग बायकांना थेट १९२०.

याच घटनेच्या शेवटी एक कलम आहे: इंग्लंडशी पुन्हा समेट झाला तर हे सगळं रद्दबातल. त्याच दिवशी! म्हणजे साखरपुडा मोडला असं जाहीर करायचं आणि अंगठी मात्र खिशात ठेवायची.

दोन_आणे
अंगठी ठेवली त्यात नवल नाही. त्याच २ जुलैला जनरल हाउ यांची इंग्रज फौज स्टेटन आयलंडवर उतरत होती, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून दिसेल अशी. मीही ठेवली असती.

संपादक
धागा भन्नाट चालला आहे. शिवजयंतीची तारीख-तिथी चर्चा करणारे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

बोरकूट
प्रतिसाद काढून टाकला आहे.

कोथिंबीरवडी
झालं एकदाचं. काल रात्री जेवणानंतर घरात रीतसर चर्चा झाली. मुलाचं मत सिकल्सच्या पायाला, नवऱ्याचं रॅरिटनला (तोही त्याच सर्कलवर अडकतो). बाबांचा कल १९६४ कडे होता. तेवढ्यात आई हळदीकुंकू_नको यांचा प्रतिसाद माझ्या फोनवर दुसऱ्यांदा वाचत होती. म्हणाली, "हे लिहा."

आज सकाळी बाबांनी लिहिलं: "२ जुलै १७७६: न्यू जर्सीत बायकांना मताचा अधिकार." टपोरं, काना-मात्रा जागच्या जागी. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "आणि १८०७ ला काढून घेतला, ते?" बाबा म्हणाले, जागा नाही. आईने मार्कर घेतला आणि खालच्या अर्ध्यात, दूध आणि हिरव्या मिरच्यांच्या मध्ये लिहिलं, "१८०७: परत घेतला."

पोरगा शाळेच्या कॅम्पला निघताना वाचून थांबला. "आजी, हे पण आणायचंय का?"

निळी_शाई, तुमची ओळ उद्यासाठी ठेवली आहे. तारीख चुकेल, पण बाबा म्हणाले चालेल, अॅडम्सचीही चुकली होती.

क्वार्टरवाला
आणि ३ जुलैचं काय? उद्या फळा कोण लिहिणार?

गुरुवारपेठ
पहिला!